मागून येणारी जादा गाडी

३ मार्च १९८७

कचेरीतून पत्र, गाब्रिश वेंडल यांस. आमच्या लाईनला शंभर वर्षं होतायत, इतिहास लिहून द्या म्हणे. जुन्या गार्डांत धड लिहिणारा मी एकटाच उरलोय. बाकीचे दफनभूमीत — तीही याच लाईनवर, नववं स्टेशन!

११ मार्च

पुलापासून वीटभट्ट्या, साखर कारखाना, मग दफनभूमी. तिथवर दुहेरी रूळ, पुढे डॅन्यूबच्या काठानं एकेरी. आधी वाफेचं इंजिन, मग वीज. दोन पानं सहज झाली. आता १९४९ येतंय. पेन खाली ठेवलं.

१९ मार्च

एमोके आली. ड्रायव्हर ओडनची मुलगी, शिवणकाम करते. तिला पुस्तकात एकच ओळ हवी आहे — १९४९ची टक्कर वडिलांच्या चुकीनं झाली नाही. ओडन दोन वर्षं तुरुंगात होता, सुटल्यावर वर्षभरात गेला. शेवटपर्यंत एकच घोकत होता, मी पाहिलं, तबकडी नव्हती.

"माणूस विसरतो, काका," ती म्हणाली. "लावायची राहिली असेल, तर आता तरी सांगा."

होती तबकडी! मीच लावली होती. गर्दीसाठी मागून जादा गाडी सोडली, की पुढच्या गाडीच्या शेपटीला लाल तबकडी लावायची. एकेरी रुळावर शिरण्याआधी क्रॉसिंगवर थांबलेला समोरच्या गाडीचा ड्रायव्हर ती बघतो आणि दुसरी गाडी येईपर्यंत थांबतो. पण नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी काठावरच्या गावांतून सगळे दफनभूमीकडे निघतात, डब्यांत पाय ठेवायला जागा नसते. लोक थडग्यांवर वाहायची शेवंतीची चक्रं बाहेरच्या हुकांना टांगतात. एका लहान मुलीचं चक्र वरच्या हुकाला लागलं आणि तबकडी त्याखाली झाकली गेली. माझ्यासमोर. ओडनला नुसती फुलं दिसली, त्यानं गाडी काढली. अकरा माणसं मेली.

चौकशीत म्हणालो, तबकडी लावली होती. खोटं नाही बोललो. फुलांचं मात्र नाव काढलं नाही. भित्रा होतो मी, दुसरं काय!

२ एप्रिल

सगळं लिहून काढलं — फुलांसकट, माझ्या नावासकट. अडतीस वर्षांत पहिल्यांदा हलकं वाटलं. आधी एमोकेला वाचून दाखवावं म्हणून तिच्याकडे गेलो.

कॉफी ओतता ओतता तीच बोलायला लागली. त्या दिवशी ती माझ्याच गाडीत होती, नऊ वर्षांची, आजीबरोबर. मला माहीतच नव्हतं.

"तुम्हीच तर मला उचललं होतंत, काका. आठवत नाही? म्हणालात, टांग पोरी तुझं चक्र. मी मुद्दाम सगळ्यात मागे टांगलं. म्हटलं, क्रॉसिंगवर बाबांना दिसेल."

कागद खिशातच राहिला. काय लिहिलंत, असं तिनं विचारलं. अजून पुरं झालं नाही म्हटलं.

९ एप्रिल

पान बदलून पाठवलं. फुलांचा उल्लेख काढला. आता तिथं लिहिलंय, त्या दिवशी तबकडी लावलीच नव्हती. गार्ड विसरला. गार्डचं नाव गाब्रिश वेंडल.