तू न कापलेला भोपळा

प्रिय आई,

आज सकाळी एक बी वर आलं. हे तुला सोडून कोणाला सांगू? म्हणून लिहायला बसलो. आठवीनंतर पेन धरलं ते सह्यांपुरतंच, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

घरी मोरिवलीत परसात पेरलं की उंदीर बिया उकरून खायचे, म्हणून तू दुधाच्या पिशव्यांत माती भरून त्या फ्रीजवर मागच्या बाजूला ठेवायचीस, उबेला. इकडे जामनगरच्या खोलीत फ्रीज कुठला! मी पिशव्या टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सवर ठेवल्या. रूमवरचा पप्पू रोज विचारतो, "क्या भाई, अम्मा का कद्दू निकला?"

बाकीच्या बिया कुजल्या गं. मला दम कुठे असतो, येता-जाता पाणी ओतत होतो.

पण तुझ्यावर राग आहे. अख्खा लाल भोपळा बाईने कापायचा नाही, पहिली सुरी घरातल्या पुरुषाची, मान्य. बाबा गेल्यापासून ते काम माझं. पण तू कपाटावर भोपळा ठेवलास तेव्हा मी नव्हतो ना! शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं, त्या मुलाला पाठवत होत्या, तर तू त्यांना म्हणालीस, "माझ्या घरात कापणारा आहे. येईल तो."

फोनवर फक्त रजेचं विचारायचीस. भोपळ्याचं एकदा तरी बोलायचंस. बोलली असतीस तर आलो असतो का? माहीत नाही.

आलो तेव्हा तुझं सगळं उरकलं होतं. दहाव्यानंतर कपाटावरचा भोपळा उतरवून कापला, तर आतल्या आत बियांना कोंब फुटलेले. पांढरी मुळं एकमेकांत गुंतलेली, बाहेर यायला वाटच नाही. काकू म्हणाल्या, फेकून दे. मी तिथेच खाली बसलो. किती थांबलीस, आई?

न फुटलेल्या थोड्या बिया रुमालात बांधून आणल्या. त्यातलं हे एक.

त्याच्या डोक्यावर बीचं टरफल टोपीसारखं अडकलंय. ओढायला हात शिवशिवतोय. लहानपणी असंच ओढताना तू हातावर चापट मारली होतीस, "मान मोडेल त्याची. आपणहून गळू दे." आज हात खिशात घालून उभा राहिलो.

वेल खिडकीच्या गजांवर चढवीन. भोपळा लागेल की नाही, देव जाणे. पण एक शब्द देतो. उद्या माझ्या घरात बाई आली, तर तिला सांगीन, भोपळा तूच काप. माझ्यासाठी ठेवू नकोस.

तुझा कापणारा,
बाळ्या