राजकन्येला उठवलं कोणी?

शनिवार, ११ फेब्रुवारी

त्या काटेन्डेचा घसा बसो!

आज व्हिडिओ हॉलमध्ये पुन्हा तोच पिक्चर. थोरली राजकन्या भर लग्नात दगड होते. धाकटी बहीण तिचा एक हात धरते, राजपुत्र दुसरा, आणि ती जिवंत होते. त्या वेळी पिक्चरमध्ये कोणीच काही बोलत नाही, नुसतं संगीत वाजतं. म्हणजे ती कोणाच्या प्रेमानं उठली हे पिक्चर सांगत नाही. मग सांगतो कोण? माईक घेऊन स्पीकरशेजारी बसलेला काटेन्डे! इथं न्येन्डोत इंग्रजी पिक्चर काटेन्डेच्या तोंडूनच कळतो. तो आमच्या भाषेत जे बोलतो तेच पडद्यावर घडलं असं सगळे धरून चालतात. आणि आज तो काय म्हणाला? "बघा बायांनो, याला म्हणतात पुरुषाचं प्रेम. दगडाला पाझर फुटला!"

मी बाकावर उभी राहून ओरडले, "आणि दुसऱ्या हाताला काय खरूज झाली होती?"

सगळा हॉल हसला. तो माईकवरून म्हणतो कसा, "बसा मेव्हणीबाई, मागच्यांना दिसत नाही."

मेव्हणीबाई! अजून त्याचा आणि ताईचा ओळखीचा समारंभ व्हायचाय. मी त्याला दाजी म्हणणार नाही. कधीच नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

तारीख ठरली. ११ मार्च. काटेन्डेची माणसं टोपल्या घेऊन ताईला मागायला येणार. आत्यानं चर्चमधून आल्या आल्या जाहीर केलं आणि मटोकेची हिरवी केळी सोलायला बसली, जणू बाजारातून मीठच आणायचंय.

ताई मग कंपालात जाणार. काटेन्डेला तिथल्या एका स्टुडिओत काम मिळालंय. मी विचारलं, "आणि मी?" आत्या म्हणाली, "तू इथंच. तरुण पोरगी डोळ्यांसमोर असलेली बरी. आणि पाणी कोण भरणार?"

नवरीबरोबर धाकटी बहीण पाठवायची आमच्याकडे रीत आहे. आत्या म्हणते ती जुनी झाली. तिला अडचणीच्या सगळ्या रीती जुन्या वाटतात, सोयीच्या मात्र कालपरवाच्या.

आई गेली तेव्हापासून मी आणि ताई एकाच पलंगावर, एकाच मच्छरदाणीत झोपतो. ती गेली की त्या पलंगावर मी एकटी. मला हे नकोय. स्पष्टच लिहिते, इथं कोण वाचतंय?

बुधवार, १५ फेब्रुवारी

हजराच्या सलूनमध्ये आज युद्ध. मी तिथं वेण्या घालते, हजरा मालकीण. ती राजपुत्रवाली, मी बहीणवाली. गिऱ्हाइकं आपोआप दोन बाजूंना वाटली जातात.

हजरा म्हणाली, "बहीण काय, आयतीच मिळते. जन्मली की आहेच. राजपुत्रानं तिला निवडली. सगळं सोडून आला बिचारा."

"काय सोडलं त्यानं? घोडा तर बरोबरच होता."

"तुला प्रेमातलं काय कळतंय?"

"तुला कळतं ना? मग तुझे दोन निवडलेले कुठं आहेत सध्या?"

एवढं बोलायला नको होतं, पण आख्खं सलून माझ्या बाजूला आलं. मग हजरानं टीव्हीवर तो प्रसंग लावला आणि थांबवून थांबवून दाखवला. तिचं म्हणणं, दगडाला पहिला तडा राजपुत्राच्या बाजूच्या बोटाला जातो. मी म्हटलं, तो तडा नाही, अंगठी आहे. अर्धी वेणी घातलेल्या दोन बायका खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून उभ्या. निकाल लागला नाही.

तेवढ्यात शाळा सुटून ताई आली. आम्ही तिला पंच केलं. ती म्हणाली, "दोघांनी हात धरलाय ना? मग भांडताय कशाला?" मास्तरीणबाईंचं उत्तर! यानं कोणाचंच समाधान होत नाही.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी

रात्री ताईनं विचारलं, "तुला तो आवडत नाही का गं?" मी झोपेचं सोंग घेतलं.

गुरुवार, २ मार्च

आज देवानं काटेन्डेचं डोकं माझ्या हातात दिलं.

समारंभासाठी बारीक वेण्या घालून घ्यायला आला होता. मी डावी बाजू मन लावून घातली. सरळ, सुरेख. मग कंगवा खाली ठेवला.

"आता शनिवारी हॉलमध्ये म्हणायचं, बहिणीनं उठवलं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर उजवी बाजू तशीच राहील."

तो आरशात बघून हसला. मी हसले नाही. मग तोही थांबला. म्हणाला, "बोसा, अगं आत्या मला हाकलून देईल!"

"ते तुझं तू बघ."

"एकदा दाजी म्हण, मग विचार करतो."

"आधी बहीण म्हण, मग मी विचार करते."

शेवटी उठला. डावीकडून सभ्य गृहस्थ, उजवीकडून वादळात सापडलेली कोंबडी. दारात थांबून काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. काटेन्डे, आणि बोलता बोलता गप्प! हजरा म्हणाली, "पाप लागेल तुला." लागू दे.

शुक्रवार, ३ मार्च

उजवी बाजू ताईनं घातली. मुलांच्या वह्या तपासता तपासता घातली असावी, इतकी वाकडीतिकडी. मला एका शब्दानं बोलली नाही. यापेक्षा रागावली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, ४ मार्च

टोपी घालून आला. आणि माईकवर दुप्पट जोरात, "राजपुत्रानं उठवलं! बहीण नुसती शेजारी उभी होती, तीही दुसऱ्याच्या डोक्याचे केस उपटत!"

लोक इतके हसले की पुढचं गाणं ऐकूच आलं नाही. ठीक आहे काटेन्डे, ठीक आहे.

मंगळवार, ७ मार्च

युक्ती सापडली. इतकी सोपी की आधी का सुचली नाही!

समारंभात नवऱ्या मुलानं बोलायचं नसतं. त्याच्या वतीनं भाड्याचा वक्ता बोलतो, नवरा मुलगा नुसता पांढरा पायघोळ कांझू घालून गरीब गाय होऊन बसतो. तोंड उघडलं की वधूपक्षाचा अपमान. आत्यासारखी बाई टोपल्यांसकट वरात परत पाठवेल, निदान दिवाळं निघेल एवढा दंड तरी लावेल. आणि काटेन्डेची खोड काय? पडद्यावर चित्र हललं की याची जीभ हलते. सलूनमध्ये साबणाची जाहिरात लागली तरी हा साबणाचा आवाज काढतो.

मांडवात मागच्या पाहुण्यांना दिसावं म्हणून हजराचा टीव्ही लावणार आहेत. मधल्या वेळात त्यावर नाचगाणी. नाचगाण्यांत चुकून एक प्रसंग घुसला तर? ज्यात कोणी बोलत नाही, नुसतं संगीत आहे, असा?

हजराला गळ घातली. ती आधी नको नको म्हणाली, मग हसली, मग म्हणाली, बरं. राजपुत्रवाली असूनही! शत्रू असावा तर असा.

समारंभ मोडला तर ताई रडेल. याचा विचार केला. जरा वेळ केला. मग झोपले.

शनिवार, ११ मार्च, सकाळ

ताईनं माझ्या गोमेसीच्या, समारंभाच्या झग्याच्या, कमरेची गाठ स्वतः बांधली. म्हणाली, "आज नीट वाग हं." हजराला नको म्हणून सांगावं का? पण ती टीव्ही घेऊन केव्हाच गेली होती.

रविवार, १२ मार्च

कालचं आज लिहिते.

सगळं रीतीप्रमाणे झालं. सारख्या कांझूतल्या पुरुषांच्या रांगांमधून आत्यानं काटेन्डेला शोधून काढलं, वाकडी बाजू बघून नाक मुरडलं, आणि पुढं आणून बसवलं. आम्ही मुली चटईवर गुडघे टेकून. आम्हीही बोलायचं नसतं. ताई मधे, मान खाली. चावायच्या कॉफीच्या बियांची टोपली फिरत होती. बाहेरून काटेन्डेकडच्या भेटी आत आणायला वेळ लागत होता. हजरानं टीव्ही लावला. दोन नाचगाणी. आणि मग... ते संगीत.

हॉलची निम्मी गिऱ्हाइकं मांडवात होती. सगळ्यांच्या माना काटेन्डेकडे वळल्या. दगडाची राजकन्या. बहिणीनं हात धरला. काटेन्डेचा जबडा हलला. राजपुत्रानं हात धरला. काटेन्डेच्या कपाळावर घाम. तोंड उघडलं! आणि त्यानं टोपलीतल्या मूठभर बिया त्यात कोंबल्या आणि चावायला लागला. डोळ्यांतून पाणी, पण शब्द नाही. ज्या माणसाला साबणापुढं गप्प बसवत नाही तो ताईसाठी गप्प बसला.

पडद्यावर तडा जायला लागला. कोणीच काही सांगेना. ते रिकामं संगीत मला सहन होईना. आणि मी, चटईवर गुडघे टेकलेली, हातभर गोमेसी सावरत, उभी राहून ओरडले,

"बहिणीनं उठवलं! ती लहानपणापासून तिचा हात धरून झोपायची, तो हात गार पडलेला तिला कसा चालेल?"

मग मला कळलं आपण कुठं उभे आहोत ते.

आत्याचा चेहरा मी बघितलाच नाही. काटेन्डेच्या बाजूचा वक्ता, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, टुणकन उठला. "मंडळी, आमचा मुलगा बिया चावत बसला. बोलली कोण? तुमची मुलगी. दंड!"

आत्या दात दाबून म्हणाली, "मागा. सोड्याचे क्रेट मागा, बोकड मागा."

"बोकड घरी आहे. जी बोलली तीच द्या. नवरीबरोबर पाठवा. आणि परत मागायची नाही."

मांडव हसून लोळला. सगळ्या भाऊबंदांसमोर दंड नाकारायचा तर आत्याची अब्रू जाते. तिनं माझ्याकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आणि म्हणाली, "न्या. पाणी मी भरीन."

ताईची मान खालीच होती. पण तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं मला वाटलं.

म्हाताऱ्यानं काटेन्डेच्या अर्ध्या डोक्याचा सूड उगवला असं हजरा म्हणाली. असेल. मला एवढंच कळतं की मी जाणार. खड्डा मी खणला, आत मीच पडले, आणि खाली मऊ गवत होतं.

सोमवार, २० मार्च, कंपाला

दोन खोल्या. एकीत माझा पलंग आणि नवी मच्छरदाणी. घरमालकीण दारात म्हणाली, "आलीस का? जानेवारीपासून खोली तुझ्यासाठी अडवून ठेवलीय."

जानेवारी! ताई हसत होती, मांडवात हलले होते तसेच खांदे. "त्याला हो म्हणतानाच सांगितलं होतं, दोन खोल्या नसतील तर मी येणार नाही. तुला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत आत्याला कळलं असतं. आणि टीव्हीचं हजरानं मला त्याच दिवशी सांगितलं. मी फक्त म्हाताऱ्याला दंड शिकवला. काटेन्डे गप्प बसेल याची मला खात्री नव्हती, पण तू बसणार नाहीस याची होती."

म्हणजे मी त्याचं अर्धं डोकं सोडून दिलं तेव्हा त्याला हे माहीत होतं. दारात तोंड उघडून मिटलं ते हेच. काटेन्डे, आणि इतके दिवस गप्प!

दुपारी दाजींना खुर्चीवर बसवलं आणि ताईनं घातलेली वाकडी बाजू उकलून नीट घालून दिली. फार ओढलं नाही.