फोन माझ्याकडं हाय

आसियाचं अब्बा,

फोन शोधत घर उलटंपालटं करू नका. तुमचा फोन घेऊन मी सांगलीला चाललीया, म्हणून तर कागदावर लिवावं लागतंय.

चार महिन्यांत नवी गाडी पाच वेळा चालता चालता बंद पडली. पाची वेळा शोरूमवाल्यांनी नुसती धुऊन परत दिली आन म्हणाले, "साहेब, तेवढा ओटीपी सांगा." चहा पाजला की तुमची जीभ सैल. सांगितला! आवं, त्यो ओटीपी म्हंजे तुमची सही हाय. पाची कागदांवर 'ग्राहक समाधानी, तक्रार बंद' छापलंय. कोण समाधानी? मी तर न्हाई.

परवा हायवेवर ट्रकच्या म्होरं गाडी थांबली, तवा मागं सात महिन्यांची गरवार आसिया बसली हुती. आन तुमी गल्लीत काय सांगितलं? पेट्रोल संपलं म्हणून! का, तर नव्या गाडीला लोक हसतील. हसू द्या की. पोरगी वाचली ती नशिबानं.

आज ग्राहक आयोगात तक्रार देतीया. गाडी बदलून द्या न्हाईतर पैसे परत करा, तिसरं ऐकणार न्हाई. सगळी कागदं पिशवीत हायती. एसटीनं जातीया, कारण मला आजच पोचायचंय.

आमटी-भात झाकून ठेवलाय, बीपीची गोळी इसरू नका.

शोरूमचा माणूस सहाव्यांदा गाडी न्यायला आला तर चावी देऊ नका. चहा खुशाल पाजा. ओटीपी मागितला तर सांगा, त्यो बायकोच्या पिशवीत हाय, आन ती समाधानी न्हाई.

ताहेरा