कातळातल्या वीस पायऱ्या

अण्णा, देवरूखच्या गडावरून आपण का परत फिरलो, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक होतं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आता एकटी मीच उरले.

पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात माझं नाव लागलं होतं, आणि घरात माझ्या बाजूचे तुम्ही एकटे. थोरले काका म्हणाले, "रत्नागिरीबाहेर पाऊल न टाकलेली पोर ही. आधी देवरूखचा गड चढून दाखवू दे, मग खुशाल धाड पुण्याला." तुम्ही हसलात. "त्यात काय? तरुणपणी मी तीनदा चढलोय. नेतो तिला." किती अभिमान वाटला होता मला तुमचा! बैलगाडीने आपण देवरूखला आत्याकडे गेलो, काकाही आले. पहाटे आपण दोघंच निघालो. लुगड्याचा काचा मारून मी पुढे, तुम्ही मागे. कारवीचं रान संपलं आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या लागल्या. वीसच असतील. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला नुसती दरी. वर दरवाजाची कमान दिसते आहे. चार पायऱ्या चढून मी मागे पाहते, तर तुम्ही पहिल्याच पायरीवर बसलेले, दोन्ही पंजे कातळाला लावून, डोळे गच्च मिटून.

"अण्णा, तुम्ही बसा इथेच. मी कमानीला हात लावून येते."

"नको. मला एकट्याला सोडून जाऊ नकोस."

बापाने असं म्हटल्यावर मुलगी काय करणार? हाताला धरून मी तुम्हाला खाली आणलं. आत्याच्या स्वयंपाकघरात पानं मांडलेली होती. काकांनी विचारलं, "काय, झाला गड सर?" भातावर कुळथाचं पिठलं घेत तुम्ही म्हणालात, "कसला! पोरीला चक्कर आली. रडायलाच लागली. आणली परत." मी तिथेच वाढत होते. तुम्ही मान वर केली नाहीत. आत्या म्हणाली, "असू दे गो, बाईमाणसाचं काम नव्हेच ते." पुण्याला नकार कळवलात तोही तुमच्याच वळणदार अक्षरात. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.

तुम्ही घाबरलात याचा राग नाही, अण्णा. तुमची भीती माझ्या नावावर घातलीत आणि तिच्याच जोरावर मला घरी बसवलंत, याचा आहे. शेवटच्या आजारात तुमचे पाय चेपताना मी वाट पाहिली, आता तरी काही बोलाल. तुम्ही पाणी मागितलंत आणि नातवंडांची चौकशी केलीत.

हा कागद चुलीतच घालायचा आहे, म्हणून एवढंही लिहिते. त्या दुपारी काकांनी मला परसात एकटीला गाठलं होतं. "खरं सांग, तूच घाबरलीस ना? तुझ्या बापाचा चेहरा काही निराळंच सांगतोय." मी 'हो' म्हटलं. तुमची लाज राखायला म्हटलं, असं आजवर मनाला समजावत आले. पण पुण्यात एकटीने राहायची मलाच धास्ती होती, आणि 'हो' म्हणताच मला सुटल्यासारखं वाटलं होतं.