कांड्या भरणाऱ्यांचा रकाना
आई, तू गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी अजून तुझ्याशी मनातल्या मनात सोयीचं तेवढंच बोलते. आज कागद घेऊन बसले आहे, तर गैरसोयीचंही लिहिते.

माझी डिग्री तुला कधी नीट समजावता आली नाही. कॉम्प्युटर आणि अर्थशास्त्र, दोन्ही एकत्र. सक्करदऱ्याच्या आपल्या आळीत तू खुशाल सांगायचीस, "अर्धी कॉम्प्युटरची हाय, अर्धी बँकेची." मी चिडायचे. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी आपल्याच आळीतली विणकरांची घरं निवडली, कारण दुसरीकडे मला कोणी दारात उभं केलं नसतं. एका साडीमागे किती तासांचं काम असतं, ते घरोघर विचारायचं आणि प्रोग्राममध्ये भरायचं. बाबांनी मागावर बसल्याबसल्या आपले तास सांगून टाकले. तुला विचारलं तेव्हा तू चरख्यावर कांड्या भरत होतीस. सुताच्या त्या नळ्या मागाच्या धोट्यात बसल्या नसत्या तर बाबांची साडी वीतभरही पुढे सरकली नसती. तू म्हणालीस, "भाजी गॅसवर ठेवतो अन् भरतो, नळ गेला का भरतो. तास कोन पायते वं?"

प्रोग्रामला आकडा लागतो, आणि आळीतल्या साऱ्याच बायकांची उत्तरं तुझ्यासारखी. मी प्रोजेक्टच्या सरांना विचारलं, बायकांचा रकाना काढून टाकू का? सर म्हणाले, "काढू नका बरं. खरं अर्थशास्त्र तर तिथंच आहे. पंधरा दिवस जास्त घ्या, एकेकीजवळ दिवसभर बसा." मला पंधरा दिवस घालवायचे नव्हते. पुण्याच्या कंपनीचा इंटरव्ह्यू तोंडावर आला होता. मी रकाना उडवला, तशी सगळी गणितं पटापट सुटली आणि आलेख देखणा आला. सरांनी पानं दोनदा उलटून पाहिली, मग सही केली. बर्डीच्या बाजारातून बाइंडिंग करून मी प्रोजेक्ट घरी आणला.

तू हात पुसलेस, पुठ्ठ्यावरून फिरवलेस आणि विचारलंस, "मायं काम लिवलं ना वं याच्यात?" हो म्हणाले असते, पण तू चौथी शिकलेली, पानं उलटून शोधलं असतंस. म्हणून मी म्हटलं, "सरनं कापाले लावलं, आई." "काहून?" "त्यायले नाही पटलं." तू पुन्हा चरख्याकडे वळलीस. माझ्यावर शंका घ्यायचं तुझ्या डोक्यातही आलं नाही.

नोकरी लागली तेव्हा सर घरी आले. आजही मला ते दिसतात, आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसलेले. तू त्यांच्यापुढे नुसता चहा ठेवतेस. आपल्या घरून पाहुणा कोरड्या चहावर कधी गेलेला नाही. सर माझं कौतुक करतात, आणि तू मध्येच विचारतेस, "सर, बाईमानसाचं काम तुमाले काम वाटत नाही का?" सर माझ्याकडे बघतात. मी घाईघाईनं सरांनी आणलेल्या पेढ्यांचा कागद घडी करायला घेते. ते कप खाली ठेवतात आणि म्हणतात, "चुकलं माझं, ताई." तू लगेच विरघळतेस. "चुकते मानूस. बसा, पोहे टाकतो." पोहे सरांनी खाल्ले, मीही खाल्ले.

त्यानंतर तू पुष्कळ जगलीस. सांगायला मला कितीतरी दुपारी मिळाल्या. तू दवाखान्यात होतीस तेव्हा तुझ्या उशाशी बसून मी ऑफिसची कामं केली, पण एवढं एक वाक्य काही बोलले नाही. सर मनीषनगरला राहतात, आता मीही तिथेच. भाजीच्या दुकानात भेटतात, तब्येत विचारतात, त्या दिवसाचं नाव काढत नाहीत. त्यांच्याशीही मी त्याबद्दल बोललेले नाही. हा कागद निदान त्यांना तरी द्यावा असं लिहिताना वाटत होतं. देणार नाही, ते मला माहीत आहे.

आणखी एक सांगते आई, मग थांबते. सर "चुकलं माझं" म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं. लाज फार नंतर आली, तू गेल्यावर.