शेपटीला गेलेला ई

पोर्ट अर्डी,
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप लॉर्नदादा यांस,

तुझ्या धाकट्या चुलतभावाचा, इनसचा, अख्खा अटलांटिक ओलांडून वाकून नमस्कार. (वाकलो ते शब्दशः. शनिवारी बसचं चाक बदलताना जी कंबर धरली, ती अजून सोडायला तयार नाही.) तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनींच्या कार्डावरून कळलं. कार्ड सुरेख आहे. त्यावरचा सोनेरी मुकुट तर फारच ठसठशीत उठलाय. तुझ्या गेस्ट हाउसच्या टॉवेलांवरही आता तोच मुकुट छापून घेतलास म्हणे; हॅलिफॅक्सच्या थंडीत अंग पुसताना पाहुण्यांना तेवढीच ऊब. इकडे सर्व क्षेम. पाऊस आडवा पडतोय, पोर्ट अर्डी रोव्हर्स ओळीने सात सामने हरलेत, म्हणजे काळजी करण्यासारखं नवीन काहीच नाही.

बेथिया आत्याची प्रकृती एक्क्याण्णवाव्या वर्षी असावी तशी आहे, म्हणजे तिला काही होत नाही, तिच्यापायी इतरांना होतं. सध्या तिने एकच ध्यास घेतलाय: युद्धस्मारकावरचं आजोबांचं नाव. तुझे वडील तुझ्या लहानपणीच तुला घेऊन कॅनडाला गेले, म्हणून जरा मुळापासून सांगतो. आपल्या गावात माणसं सहाशे, त्यातले दोनशे स्लेटर, आणि देवाने त्या दोनशेंना जेम्स आणि अँड्र्यू ही दोनच नावं पुरवून पुरवून वाटलीत. स्मारकावर एकट्या अँड्र्यू स्लेटरांची संख्या पाच आहे. म्हणून घरोघरी टोपणनाव, आणि तेही कंसात, दगडावरसुद्धा. चर्चमागचे स्लेटर ते 'लॅटिन' (त्यांच्या पणजोबांना एक लॅटिन शब्द येत होता, कुठला ते त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही). आणि आपण 'ड्यूक'. आता ड्यूक म्हणजे आमच्या बोलीत बदक, हे तुझ्या वडिलांनी तुला सांगितलं नसावं, किंवा सांगितलं तोवर तू मुकुटांची ऑर्डर देऊन बसला असशील. आपल्या घरातले पुरुष चार पिढ्या डुलत चालतात, एवढीच आपली सरदारकी.

घोळ असा की आमच्या तोंडी बदकही ड्यूक आणि उमरावही ड्यूक. फरक फक्त स्पेलिंगात. बदकाचं डी-ई-यू-के, उमरावाचं डी-यू-के-ई. अक्षरं तीच चार. युद्धानंतर स्मारक कोरायला शहरातून जो कारागीर आला त्याने नावं नुसती कानाने ऐकली, बिचाऱ्या 'ई'ला उचलून शेपटीला नेऊन बसवलं, आणि एक्केचाळीस साली सुरुंग काढणाऱ्या बोटीसकट बुडालेले आपले आजोबा मरणानंतर आठ वर्षांनी उमराव झाले. आत्या तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने तेव्हाच सांगितलं होतं, पण पोरीचं कोण ऐकतो! आता झिजलेली अक्षरं पुन्हा कोरताहेत, नोव्हेंबरात स्मृतिदिनाच्या रविवारी सगळं गाव तिथे जमेल. पुढच्या कोरकामापर्यंत आपण काही थांबत नाही, हे आत्याला पक्कं ठाऊक आहे. ई हलला तर यंदाच हलणार. स्मारक समितीचा नियम असा की नाव बदलायचं तर सगळ्या हयात वारसांच्या सह्या लागतात. वारस तीन. आत्याची झाली, माझी झाली. तिसऱ्याचा विषय मी इथे काढत नाही. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे.

आता कोरणारा कोण? फर्गस गॅट. रोव्हर्सचा गोलकीपर. आठवडाभर दगड घडवतो आणि शनिवारी गोलात उभा राहतो. (दगडाला हात लावला की दगड त्याच्या हातात राहतो, चेंडूचं मात्र तसं जमत नाही.) टीमची बस मी चालवतो हे तुला माहीत आहेच. परवा शनिवारी स्ट्रॅथनेव्हनला सामना होता. सकाळी बस काढायला गेलो तर पहिल्या बाकावर आत्या, मांडीवर थर्मास, बाजूला लोण्याच्या पावांची पिशवी. म्हटलं, "आत्या, ही टीमची बस आहे." तर म्हणाली, "मग मी काय समोरच्या टीमची आहे?" मी गाडी सुरू केली.

खरं म्हणजे ती पुरावे गोळा करायला निघाली होती. पहिला मुक्काम इनव्हरकार्न. तिथल्या स्मारकापाशी तिने बस उभी करवली, आमच्या लेफ्ट बॅकला त्याचा फोन घेऊन खाली उतरवलं आणि कंसातल्या टोपणनावांचे एकोणीस फोटो काढायला लावले. एकूण एक बोलीतलं आणि एकूण एक बरोबर. "बघ," फर्गसकडे वळून ती म्हणाली, "यांना जमलं." फर्गस पाव खात खिडकीबाहेर बघत राहिला. पुढे एल्गिनला सेंटर हाफला घाईची लागली म्हणून थांबलो, तर परत निघताना आत्याच गायब. शोधत शोधत कॅथेड्रलच्या अवशेषांत पोचलो. ती मधोमध उभी राहून वर आभाळाकडे बघत होती. तिथल्या तिकिटवाल्या बाईंनी फार आस्थेने सांगितलं की चारशेहून अधिक वर्षांपूर्वी छपरावरचं शिसं काढून नेलं, तेव्हापासून हे असंच आहे. आत्याने विचारलं, "काढताना कुणाची सही घेतली होती?" बाई तिकिटांची चळत नीट करायला लागल्या. "एवढं छप्पर गेलं बिनसहीचं, आणि मला एका ई साठी तीन सह्या!" परतीच्या वाटेवर चाक पंक्चर झालं ते मी वर सांगितलंच, त्यामुळे त्यात तुझा वेळ घेत नाही.

स्ट्रॅथनेव्हनचं मैदान तुला आठवणार नाही. एका बाजूला किल्ल्याची पडकी भिंत, फाटकातच युद्धस्मारक. आत जाणारा प्रत्येक जण तिथे टोपी काढतो, आणि मग आत जाऊन रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. आत्याने तिकीट काढलं आणि थेट आपल्या गोलामागे जाऊन कठड्याला टेकली. मी शेजारी, चहा धरून.

"फर्गस, ई चं काय ठरलं?"

"आजी, कॉर्नर आहे!"

"असू दे कॉर्नर. कधी हलवतोस ते सांग."

"सह्या दोनच आहेत हो. कागद पुरा नसताना छिन्नी लावली तर मला पुन्हा कुणी काम देईल का?"

"म्हणजे तुझं काम राहावं म्हणून माझा बाप गेला तरी चालेल?"

आमच्यामागे स्ट्रॅथनेव्हनची चार म्हातारी टाळकी उभी होती. भानगड बदकाची आहे हे त्यांच्या कानावर पडलं, झालं! एकाने क्वॅक क्वॅक सुरू केलं, मग सगळ्या बाजूने. मला वाटलं आत्या आता काठी उगारते. तिने काठी टेकली, वळली, आणि कठड्याच्या कडेने चालायला लागली. पावलं बाहेर फेकत, खांदे डोलवत, एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला. पाच पावलं गेली आणि परत आली. हशा पिकला. ती थांबली आणि फर्गसलाच म्हणाली, मोठ्याने, "माझा बाप असा चालायचा. धुकं असलं की धक्क्यावर बोटीतनं उतरणारे सगळे सारखे, तोच कातडी कोट, तीच टोपी, तोंड कुणाचं दिसायचं नाही. बाकीच्या पोरी रडायच्या. मला मात्र चाल दिसायची आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडायचे, 'आला!' सात वर्षांची होते. मग एक दिवस सगळे उतरले आणि ती चाल आली नाही. त्या दगडावर कोण ड्यूक आहे, मी त्याला ओळखत नाही. तो कधी आमच्या धक्क्यावर उतरलाच नाही."

क्वॅक थांबलं होतं. फर्गस गोलाकडे तोंड करून, मैदानाकडे पाठ करून तिच्याकडे बघत होता, आणि तेवढ्यात चेंडू त्याच्या कमरेजवळून हळूच, अगदी विचारपूस केल्यासारखा, जाळ्यात गेला. मॅनेजर जे बोलला ते लिहीत नाही. चार-शून्यने हरलो. बसमध्ये फर्गस एवढंच म्हणाला की पहिला गोल माझ्या नावावर लिहा, आजीच्या नको. दादा, खरं सांगतो, मी त्या कागदावर घरात शांतता राहावी म्हणून सही केली होती. ती म्हातारी सगळ्यांदेखत चालून दाखवेपर्यंत, ती काय मागतेय हे मला कळलंच नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

असो. वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद, गुडघ्यावर एकदम भार देऊ नकोस. (ऑपरेशननंतर तू जरा डुलत चालतोस असं वहिनी लिहितात. वाचून फार बरं वाटलं.)

तुझा धाकटा,
इनस

ता. क. सोबत एक कागद आहे. समितीची तीन पत्रं टपालात हरवली असणार, तू उत्तर दिलं नाहीस असं मी कुणाला म्हणूही देत नाही. खाली तिसऱ्या ओळीवर पेन्सिलीने फुली केली आहे, तिथे सही कर. टॉवेलांची काळजी नको. मुकुट आहे तसाच ठेव, खाली एक बदक छाप. पाहुण्यांना तेच जास्त आवडेल.

ता. क. २. तारीख मात्र बारा ऑक्टोबरची किंवा आधीची घाल. कारण फर्गसने तेरा तारखेला सकाळीच छिन्नी लावली, कुणाला न विचारता. तेव्हा आता तुझी सही आली नाही तर आपल्याला बदक मिळेल आणि फर्गसची भाकरी जाईल. निर्णय सर्वस्वी तुझा, मी आग्रह करत नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करता करता आत्याला घेऊन स्मारकावर जाऊन आलो. तिने हातमोजा काढला, कंसातल्या एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. डी. ई. यू. के. मी म्हटलं, आत्या, थंडी वाजतेय, चल. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दगडाकडे बघत, हळूच म्हणाली, "आला."