मास्तरांची एकशे बारा चित्रं

त्या सकाळी मी पाणी भरलं, अंगण झाडलं आणि ओट्यावरची चार वांगी चिरून फोडणीला टाकली. आमचे हे रंगांची पेटी घेऊन आले आणि ओरडले, "अगं, ती चित्राला बसली होती!" शेवटी त्यांनी उरलेली देठं रंगवली आणि भाजी दोनदा वाढून घेतली. त्याला बेचाळीस वर्षं झाली. एवढं नीट आठवतंय, त्यावरून माझं डोकं ठिकाणावर आहे असं समजावं. मी, लतिका परशराम देसूरकर, वय ७१, राहणार शहापूर, बेळगाव, कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढचं वाचन माझं मीच शिकले. अक्षराला नावं ठेवू नयेत.

१. राहतं घर आणि बँकेतली ठेव मुलगा चिन्मय याला. माडीवरची गळतीही त्यालाच.

२. माझी पुस्तकं नात शाल्मलीला. कडेला पेन्सिलीने जे लिहिलंय, ते तिने लग्नानंतर वाचावं.

३. पितळी डबा जाऊबाईंना देऊ नये. एकदा मागून नेला आणि झाकणाशिवाय परत केला. झाकण आणून दिल्यास डबाही द्यावा.

४. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवत. घरी मात्र लसणीचा गड्डा, चेपलेला तांब्या, द्रोणातला खव्याचा कुंदा, असलंच रंगवत. चित्र पुरं होईपर्यंत वस्तू हलवायची नाही, म्हणून आमच्याकडे जेवायला कायम उशीर. चित्रं दारातच विकत. एका साध्या साडीच्या किमतीहून जास्त कधी घेतलं नाही. म्हणायचे, "लसूण रंगवलाय गं, सोनं न्हाय." ते जाऊन सहा वर्षं झाली. मागे राहिलेली एकशे बारा चित्रं मी मागच्या खोलीत बंद करून ठेवली आहेत. विकायला मन होईना. चिन्मय म्हणतो, पुण्याच्या एका हॉटेलला सगळी एकदम देऊ. तसं करू नये. माझ्या मृत्यूनंतर ती दारात मांडावीत, जुन्याच दराने, एका घराला एकच. स्वयंपाकघरात लावणाऱ्याला आधी.

साक्षीदार: १. मालुबाई (बेळगुंदीहून आमच्या गल्लीत भाजी आणतात)
२. उपेंद्र, वकील
सही: लतिका परशराम देसूरकर
शहापूर, बेळगाव. १२ नोव्हेंबर २०२४

पुरवणी, १३ नोव्हेंबर, त्याच साक्षीदारांसमक्ष:

काल सही करून झाल्यावर मालुबाईंनी विचारलं, "आक्का, मुळ्याच्या जुडीचं चित्र मला पायजे. म्हंजे तू मरस्तवर थांबू व्हय गं?"

"तसंच लिव्हलंय."

"आनि मीच आधी गेले तर?"

वकीलसाहेब हसत सुटले. मालुबाई हसल्या नाहीत.

सबब कलम ४ रद्द समजावं. आज सकाळी मी मागची खोली उघडली आणि चित्रं दारात मांडली.